दाणे सगळ्यात शेवटी: घरच्या बागेत पक्षी यावेत असं वाटत असेल तर

पक्ष्यांसाठी म्हणून मी सगळ्यात पहिली गोष्ट काय केली असेल तर मार्केटयार्डातून ५ किलो ज्वारी आणली आणि रोज सकाळी दोन ओंजळी मागच्या फरशीवर फेकायला लागले. पुण्यात सहकारनगरला तळमजल्यावरचा फ्लॅट, मागे साधारण १२ बाय २० फुटांची पट्टी, तळजाईची टेकडी जवळच, त्यामुळे मनात असं की आता चिमण्या येणार, बुलबुल येणार, पोपट येणार. आले कोण तर पारवे. पहिल्या दिवशी चार, आठवड्यात तीस-चाळीस, आणि महिन्याभरात त्यांनी वरच्या काकूंच्या गॅलरीत एसीच्या डब्यामागे संसार थाटला. रात्री उरलेल्या दाण्यांवर घुशी यायच्या त्या वेगळ्याच. काकू एक दिवस खाली आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "अगं, पुण्य तुझं आणि साठतंय माझ्या गॅलरीत, जरा येऊन धुऊन जा." गेले, तीन बादल्या पाणी घालून धुतलं, आणि त्या दिवसापासून ज्वारी बंद.

त्यानंतर सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी पाणी, मग झाडं, आणि दाणे सगळ्यात शेवटी, तेही चिमूटभर. आज बागेत पंधरा-सोळा प्रकारचे पक्षी नेमाने येतात आणि त्यातल्या बहुतेकांनी माझ्या हातचा एक दाणाही खाल्लेला नाही. म्हणून नवीन सुरुवात करणाऱ्यांना मी हाच क्रम सांगते, गॅलरी असली तरी चालेल, टेरेस असली तर उत्तम, अंगण असेल तर तुम्ही नशीबवान.

आधी आठवडाभर काहीच आणू नका

खरंच. सकाळी साडेसहा ते आठ या वेळात चहाचा कप घेऊन बसा आणि तुमच्याकडे आत्ताच कोण कोण येऊन जातं ते बघा. वहीत लिहा किंवा फोनमध्ये. ओळखता येत नसेल तर मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, आवाज ऐकवला की पक्षी कोणता ते बऱ्यापैकी बरोबर सांगतं, कधीकधी चुकतंही, तेव्हा डोळ्याने बघितल्याशिवाय नाव पक्कं करू नका.

याचा उपयोग असा, की कोण काय खातं हे कळतं. आपल्या डोक्यात पक्षी म्हणजे दाणे हे लहानपणापासून बसलेलं असतं, चिऊताईच्या गोष्टीपासून. पण पुण्यातल्या बागेत दिसणाऱ्यांपैकी दाणे खाणारे मोजकेच, चिमण्या, मुनिया, होले, पारवे, आणि पोपट खातात पण निम्मं सांडतात. बुलबुल, कोकीळ, तांबट हे फळांचे गिऱ्हाईक. दयाळ, शिंपी, वटवट्या, नाचण, भारद्वाज यांना किडे, सुरवंट, गोगलगाई, भारद्वाजाला तर सरडाही चालतो. शिंजीर फुलातला मध पितो आणि पिल्लांना बारीक किडे, कोळी भरवतो. म्हणजे तुम्ही ज्वारीचं पोतं आणून ओतलंत तरी दयाळ त्याकडे ढुंकून बघणार नाही, आणि पहाटे गाणारा दयाळ दारात हवा असेल तर त्याच्यासाठी वेगळीच तयारी करावी लागते, ती पुढे सांगते.

पाणी

एकच गोष्ट करायची असेल तर ही करा आणि बाकीचा लेख सोडून द्या. पाणी सगळ्यांनाच लागतं, दाणे खाणाऱ्यांना, किडे खाणाऱ्यांना, आणि पुण्यात मार्चपासून पाऊस पडेपर्यंत तर फारच.

भांडं मातीचं, पसरट. कुंडीखाली ठेवायची मोठी मातीची प्लेट मिळते ना, जुने लोक परळ म्हणतात, ती चालते, कुंभारवाड्यात मिळेल नाहीतर कुठल्याही नर्सरीत. फूटभर तरी रुंद हवी आणि खोली दीड-दोन इंच, जास्त नको. आपल्याला वाटतं खोल भांडं म्हणजे जास्त पाणी म्हणजे जास्त पुण्य, पण चिमणीएवढा पक्षी खोल भांड्यात उतरायला घाबरतो आणि पिल्लू पडलं तर बुडतं. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याबाहेर राहील असा, त्यावर पक्षी बसतात आणि मधमाश्यासुद्धा येऊन पाणी पितात. स्टीलचं किंवा प्लास्टिकचं भांडं उन्हात ठेवू नका, एप्रिलच्या दुपारी त्यातलं पाणी चहाला टाकता येईल इतकं तापतं. गुळगुळीत काचेचं तर नकोच, पाय घसरतात.

जागा सावलीची आणि आजूबाजूला मोकळी. मांजर दबा धरून बसेल अशा दाट झुडपापासून दोन-तीन मीटर लांब, पण घाबरलं तर उडून जायला एखादी फांदी जवळ हवी. आमच्याकडे सोसायटीचा एक बोका आहे, सगळे त्याला दूध घालतात, मी सुरुवातीला पाण्याची प्लेट नेमकी मोगऱ्याच्या जाळीला खेटून ठेवली होती आणि दोन दिवसांत होल्याची पिसं सापडली. तेव्हापासून प्लेट जुन्या स्टुलावर, मोकळ्यात.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम. पाणी रोज बदलायचं, नुसतं वरून भरायचं नाही, ओतून टाकायचं (कुंडीत ओता, वाया कशाला), नारळाच्या शेंडीने आतून घासायचं, विसळायचं, मग भरायचं. डेंग्यूचा डास अगदी अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि तीही पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटवून, म्हणून पाणी ओतून दिलं तरी अंडी जात नाहीत, घासावंच लागतं. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी मिळालं की अळी बाहेर येते. अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज घासणाऱ्याला काही भीती नाही आणि आठवड्याने एकदा आठवण येणाऱ्याने हा उद्योग करूच नये. पावसाळ्यात पालिकेची माणसं अळ्या शोधायला सोसायटीत येतात, तेव्हा "अहो ते पक्ष्यांसाठी आहे" हे उत्तर चालत नाही.

उन्हाळ्यात दोनदा भरा, सकाळी आणि दुपारी तीनच्या सुमाराला. पाणीकपात असली तरी साबणाचं पाणी मात्र ठेवू नका.

एक जास्तीची गंमत. जुन्या ट्रेमध्ये कोरडी बारीक माती भरून उन्हात ठेवा. चिमण्या त्यात धुळीची अंघोळ करतात, पंखातल्या उवा-गोचिड्या झटकायला. आमच्याकडे पाण्यापेक्षा या मातीवर जास्त भांडणं होतात.

झाडं, म्हणजे खरा डबा

आम्ही विकत आणून भरतो तो फीडर एक वेळचा, झाड म्हणजे बारमाही खाणावळ, आणि तिथे पारव्यांची गर्दीही होत नाही.

जमिनीत लावायला जागा असेल तर सिंगापूर चेरी लावा. भराभर वाढते, वर्षभर बारीक लाल फळं, बुलबुल, तांबट, फुलटोच्या, कोकीळ सगळे येतात, रात्री वटवाघळं. एकच सांगते, भिंतीपासून आणि ड्रेनेजच्या पाइपापासून लांब लावा आणि खाली गाडी उभी करायची जागा असेल तर विचार करा, गाडीवर चिकट सडा पडतो मग घरातूनच विरोध सुरू होतो. शेवगा लावलात तर शेंगा तुम्हाला आणि फुलं शिंजिरांना. शेवग्याची एखादी वाळकी फांदी कुणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर तोडू नका, तांबट अशाच वाळक्या मऊ लाकडात भोक पाडून घरटं करतो. उंबर अंगणात आपोआप उगवला आणि जागा असेल तर ठेवा, धनेश येईल, पण इमारतीच्या भेगेत उगवला असेल तर लहान असतानाच काढा, पुढे तो भिंत फोडतो.

कढीपत्ता आपण फोडणीसाठी सारखा खुडतो म्हणून त्याला फळं धरत नाहीत. एक झाड वरपर्यंत वाढू द्या, काळ्या बारीक फळांवर बुलबुल आणि कोकीळ तुटून पडतात. तुती, पेरू, डाळिंब, पपई ही सगळी चालतील, फक्त "निम्मी त्यांची" हे आधीच मनाशी ठरवा. मी पहिल्या वर्षी पपईला जाळी लावली होती, दुसऱ्या वर्षी काढून टाकली, बाजारात पपई मिळते की.

फक्त गॅलरी असेल तर कुंडीत जास्वंद (साधी, एकेरी पाकळ्यांची), हमेलिया, रसेलिया, अडुळसा. शिंजिरांना नळीसारखी फुलं आवडतात, हमेलियाची केशरी फुलं तर बघायला नको, तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत ते शोधत येतात. घाणेरी मात्र मुद्दाम आणून लावू नका, फुलपाखरं येतात हे खरं पण टेकड्यांवर तिने आधीच धुमाकूळ घातलाय आणि पक्षी तिच्या बिया लांब लांब नेऊन टाकतात.

आणखी एक स्वस्तातली युक्ती, एका पसरट कुंडीत मूठभर बाजरी किंवा राळा पेरून द्या. कणसं आली की चिमण्या आणि ठिपकेवाल्या मुनिया येऊन कणसावर लोंबकळून खातात. खाली सांडत नाही, सडत नाही, उंदीर येत नाहीत. हा फीडर मला अजूनपर्यंत सगळ्यात आवडलेला आहे.

आता दयाळाची तयारी. एका कोपऱ्यात पालापाचोळा तसाच राहू द्या, सारखं झाडून चकाचक करू नका आणि जाळू तर अजिबात नका. त्याखाली गांडुळं, किडे, वाळवी असते, दयाळ, साळुंक्या, सातभाईंची टोळी पानं उलटीपालटी करत तिथे चरतात. आणि औषध फवारणं बंद. जास्वंदीवर मावा आला, पिठ्या ढेकूण आला तर पाण्याचा जोरात फवारा मारा, फांदी छाटा, हाताने पुसा. लिंबाची पानं सुरवंटाने खाल्ली तर खाऊ द्या, त्यातले निम्मे शिंपी नेतो आणि उरलेल्यांची फुलपाखरं होतात. चिमणी मोठेपणी दाणे खाते पण पिल्लांना पहिल्या दिवसांत किडे-अळ्याच भरवते, कारण पिल्लाला वाढायला प्रथिनं लागतात. म्हणजे चिमणीसाठी लाकडी घरटं टांगून त्याच बागेत कीटकनाशक मारणं म्हणजे घर द्यायचं आणि स्वयंपाकघराला कुलूप लावायचं.

उंदरांसाठी विष ठेवणाऱ्यांना पण हेच सांगणं, तो अर्धमेला उंदीर रात्री पिंगळा किंवा गव्हाणी घुबड खातं, आणि ते विष त्याच्याही पोटात जातं.

दाणे द्यायचेच असतील तर

वरचं सगळं करून दोन-तीन महिने झाले, पाणी घासायची सवय लागली, आणि तरीही हौस आहे, तर मग दाणे.

काय द्यायचं? बाजरी, राळा, तांदळाची बारीक कणी. किराणा दुकानातलं आपण खातो तेच, रंगीत पाकिटातलं महागडं बर्ड फूड लागत नाही. ज्वारी-मका-गहू म्हणजे पारव्यांना आमंत्रण, मोठा दाणा त्यांना सोपा जातो. धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. घरच्या साठवणीत पारद गोळ्या किंवा बोरिक पावडर टाकलेली असेल तर त्यातलं पक्ष्यांना देऊ नका. आणि गावाकडून उरलेलं पेरणीचं बियाणं, ते गुलाबी-निळ्या रंगाचं, चुकूनही नाही, त्याला विषारी औषध चोळलेलं असतं. बुरशीचा वास येणारे शेंगदाणेही नकोत, "माणसांना चालत नाहीत तर पक्ष्यांना टाकू" हा विचार आपल्याकडे फार आहे.

काय द्यायचं नाही? ब्रेड, बिस्किट, शेव-फरसाण, वेफर, मीठ घातलेला भात, आमटी कालवलेली पोळी, दूध, लोणी, चॉकलेट, ॲव्होकॅडो. एवढ्याशा जिवाला आपल्या खाण्यातलं मीठ झेपत नाही, ब्रेडने पोट भरतं पण अंगी काही लागत नाही. "एक घास चिऊचा, एक घास काऊचा" हे बाळाला भरवताना म्हणायला छान आहे, तो घास खरोखर गॅलरीतून खाली टाकू नका. साखरेचं पाणी ठेवायचे परदेशी फीडर हल्ली ऑनलाइन मिळतात, ते हमिंगबर्डसाठी बनवलेले आहेत, तो पक्षी आपल्या देशात नाहीच. आपल्या उन्हात साखरेचं पाणी फार लवकर आंबतं, त्यापेक्षा एक जास्वंद लावा.

पितृपक्षात कावळ्याला पान ठेवता तेव्हा ते पत्रावळीवर किंवा केळीच्या पानावर ठेवा, प्लास्टिकच्या द्रोणात नको, आणि तासाभराने उरलेलं उचला. आमच्याकडे सासूबाईंना हे सांगायला मला तीन वर्षं लागली, त्या उलट म्हणाल्या, "कावळा नाही शिवला तर उचलायचं कसं?" मग कावळा शिवला की उचलायचं असं ठरलं.

किती? दोन-तीन चमचे. हसू नका, खरंच एवढंच. तास-दोन तासांत संपेल इतकं, सकाळी एकदाच, आणि अकरा वाजता उरलेलं झाडून आत. रात्री बागेत एकही दाणा राहता कामा नये, घुशी आणि उंदीर तिथूनच सुरू होतात. रोज द्यायलाही हवं असं नाही, आठवड्यातून तीन-चार दिवस दिलंत तरी कोणी उपाशी मरत नाही, ते पक्षी दिवसभर दहा ठिकाणी चरत असतात, तुमची बाग त्यातलं एक दुकान.

कशात? जमिनीवर आणि कठड्यावर कधीच नाही. वेल्डमेशची दीड इंची चौकोनाची जाळी घेऊन डब्यासारखा पिंजरा करा, कडा आत वाकवून गुळगुळीत करा, आणि आत मधोमध बशीत दाणे ठेवा. चिमणी, मुनिया आरामात आत-बाहेर करतात, पारवा आणि साळुंकी बाहेरून बघत बसतात. बशी कडेपासून पाच-सहा इंच आत हवी नाहीतर पारवा मान घालून संपवतो. माझा पिंजरा नवऱ्याने रविवारी दुपारी बनवला, दिसायला अगदी भंगारातला आहे पण चार वर्षं टिकलाय.

फळ ठेवायचं तर अर्धा पेरू किंवा पपईची फोड फांदीला खोचून, संध्याकाळच्या आत काढून टाकायची.

पाऊस सुरू झाला की दाणे पूर्ण बंद. जून ते सप्टेंबर दमट हवेत धान्याला एका दिवसात बुरशी धरते, आणि तेव्हा निसर्गातच किड्यांची आणि गवताच्या बियांची चंगळ असते. सुगरण, मुनिया घरटी करतात ती याच दिवसांत, त्यांना तुमची गरज नाही.

पारव्यांचं काय करायचं

हा प्रश्न पुण्यात टाळता येत नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना (पारव्यांना दाणे टाकायची जागा) बंद करण्यावरून केवढं रान पेटलं, हायकोर्टापर्यंत गेलं, ते आठवत असेल. भावना बाजूला ठेवून सांगते, पारव्यांना आपल्या दाण्यांची काडीमात्र गरज नाही. २०२३ साली देशभरातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा मोठा अहवाल आला त्यात कितीतरी जातींची संख्या घटलेली दिसते आणि पारवे मात्र जोरात वाढलेत. दाणे टाकले की ते वर्षभर अंडी घालतात, बाकीच्यांना हुसकावतात. आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची, पिसांची धूळ सतत श्वासातून गेली तर काही लोकांच्या फुप्फुसाला कायमची इजा होते, ॲलर्जीसारखी सुरुवात होऊन दम लागण्यापर्यंत. घरात दम्याचं माणूस, म्हातारं माणूस असेल तर हा खेळ नको.

तुमच्या फीडरवर पारवे जमायला लागले तर दोन आठवडे दाणे पूर्ण बंद करा, पाणी चालू ठेवा. ते दुसरीकडे जातात, चिमण्या परत येतात. साठलेली घाण कोरडी झाडू नका, आधी पाणी शिंपडून ओली करा, मास्क आणि हातमोजे घाला, मग खरवडा.

घासणं, पुन्हा घासणं

एका बशीत अनेक पक्षी खातात म्हणजे एकाचा आजार सगळ्यांना. ब्रिटनमध्ये २००५ नंतर ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यात घशाचा एक रोग पसरला, मूळचा पारव्या-होल्यांमधला, आणि बागेतल्या फीडरवर, पाण्यावर एकत्र येण्यामुळे तो फैलावायला मदत झाली, त्या पक्ष्याची संख्या तिथे निम्म्याहून खाली आली. प्रेमाने खायला घालणाऱ्या लोकांच्याच बागेत हे घडलं.

म्हणून आठवड्यातून एकदा फीडर आणि पाण्याचं भांडं नीट धुवा. आधी साबणाने घासा, मग एक भाग साधं लिक्विड ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात १० मिनिटं बुडवा, भरपूर पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. भांड्यांच्या दोन जोड्या ठेवल्या की एक वाळेपर्यंत दुसरी वापरता येते. घासणी वेगळी, स्वयंपाकघरातली नको. पिसं फुगवून एकाच जागी बसून राहिलेला, डोळे चिकटलेले किंवा तोंडाशी ओलं असलेला पक्षी दिसला तर दोन-तीन आठवडे दाणे आणि पाणी दोन्ही उचलून ठेवा, म्हणजे गर्दी पांगते.

काच, मांजा, पिल्लं

मोठ्या काचेत आकाश आणि झाड दिसतं आणि पक्षी सरळ त्यावर आपटतो. फीडर एकतर काचेपासून मीटरभराच्या आत ठेवा, म्हणजे वेग घेतच नाही, नाहीतर नऊ-दहा मीटर लांब. काचेवर बाहेरच्या बाजूने दर दोन इंचांवर ठिपके किंवा पट्ट्या, घारीचं एकच स्टिकर लावून काही होत नाही.

जानेवारीत संक्रांतीच्या आसपास झाडात अडकलेला मांजा काढा. नायलॉन मांजावर बंदी आहे तरी टेकडीकडेला दरवर्षी सापडतोच, मी काठीला गुंडाळून काढते आणि कात्रीने बारीक तुकडे करून मग कचऱ्यात टाकते, अख्खा टाकला तर कचराडेपोवर घारींच्या पायात जातो.

मार्च ते जूनमध्ये बुलबुलाचं, साळुंकीचं पिल्लू जमिनीवर उड्या मारताना दिसतं आणि मुलं ते बुटाच्या खोक्यात घालून घरी आणतात. पिसं आलेली असतील, उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय, आई-बाप जवळच असतात, बोका बांधा आणि लांबून बघा. अगदी रस्त्यात असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हे खरं नाही. बिनपिसांचं असेल आणि घरटं दिसत असेल तर परत घरट्यात. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं, आणि दूध तर नाहीच. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. पाळायचा मोह होईल, पोपटाचं पिल्लू असेल तर फारच होतो, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. कुंडीत बुलबुलाने घरटं केलं तर त्या कुंडीला लांबून पाणी घाला आणि फोटोसाठी रोज डोकावू नका, तुम्ही वारंवार जाता हे कावळा बघत असतो.

शेजारी आणि सुट्टी

सोसायटीत असाल तर सुरुवात करण्याआधी वरच्या-खालच्या लोकांशी बोला. मी हे नंतर केलं, त्यामुळे महाग पडलं. काकूंना मी बसवून यादी दाखवली, त्या वर्षी बागेत काय काय आलं याची, त्यात थिरथिऱ्याचं नाव होतं. हा पक्षी हिवाळ्यात लांबून येतो, शेपटी थरथरवत बसतो. काकूंनी तो स्वतःच्या गॅलरीतूनही पाहिला होता, फक्त नाव माहीत नव्हतं. दर फेब्रुवारीत चार दिवस परसबागेतले पक्षी मोजायचा जगभरचा उपक्रम असतो, १५ मिनिटं मोजायचं आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकायचं, मागच्या वेळी आम्ही दोघींनी मिळून मोजले.

गावाला जाताना दाणे आठवडाभर आधीच कमी करत बंद करा, फीडर धुऊन आत ठेवा. पाण्याचं मात्र कोणाला तरी सांगा, नाहीतर भांडं पालथं घालून जा, अर्धं भरलेलं सोडून जाऊ नका. मे महिन्यात आम्ही कोकणात गेलो तेव्हा काकूंनी दहा दिवस रोज खाली येऊन प्लेट घासली. परत आलो तर दाराला चिठ्ठी चिकटवलेली, "पाणी रोज बदलले. तुझ्या बुलबुलांनी कढीपत्त्याच्या बिया माझ्या तुळशीत टाकल्या आहेत, तीन रोपे आली आहेत, घेऊन जाणे."